सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग प्रवासाचा वेळ दर ठिकाणी वेगळा का?

प्रश्न — रेखांश_७४

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जेएफके या दोन विमानतळांमधलं अंतर आणि विनाथांबा उड्डाणाचा वेळ स्वतः काढून पाहायचा आहे. एका अंतरमापकावर ९,५३७ मैल दिसतात, दुसऱ्यावर ८,२८८ मैल. किलोमीटरमध्ये कुठे १५,३४०, कुठे १५,३४९.

वेळेचा गोंधळ त्याहून मोठा. ताशी ९०० किमीने भागलं तर सतरा तास आणि काही मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र पावणेएकोणीस तासांच्या आसपासचा आकडा असतो. नमुन्यादाखल हिवाळ्यातल्या या वेळा पाहा: सिंगापूरहून सोमवारी रात्री २३:३५ ला सुटून न्यूयॉर्कला मंगळवारी पहाटे ०५:२५. घड्याळाप्रमाणे सहा ताससुद्धा नाहीत. परतीला शुक्रवारी रात्री २२:३० ला सुटून रविवारी सकाळी ०६:१०, म्हणजे जवळपास बत्तीस तास.

तर खरं अंतर कोणतं धरायचं, वेळ कसा काढायचा, आणि विमान नेमकं कुठून जातं? भिंतीवरच्या नकाशावर रेष ओढली तर ती आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. ते काही पटत नाही.

---

गोलमापक

आधी अंतराचं बघू, ते सोपं आहे.

९,५३७ आणि ८,२८८ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला साध्या मैलांत आहे (१.६०९ किमी), दुसरा नॉटिकल मैलांत (१.८५२ किमी). गुणून पाहा, दोन्हीकडून जवळपास १५,३४९ किमीच येतात. विमान वाहतुकीत सगळा हिशोब नॉटिकल मैल आणि नॉट्समध्ये (ताशी नॉटिकल मैल) चालतो, त्यामुळे नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं की कोणते मैल ते आधी तपासावं. दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे. एवढ्या लांबच्या उड्डाणात तो अडीच तासांची चूक करून ठेवतो.

१५,३४० आणि १५,३४९ मधला फरक पृथ्वीच्या आकाराचा. पहिला आकडा पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा अचूक गोल मानून काढलेला आहे. दुसऱ्यात ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे धरलंय. वेळ काढायला यातला कुठलाही चालेल.

स्वतः काढायचं तर असं करा. चांगी: १.३५०° उत्तर, १०३.९९४° पूर्व. जेएफके: ४०.६४०° उत्तर, ७३.७७९° पश्चिम. पश्चिम रेखांश ऋण धरायचा. रेखांशांतला फरक १७७.७७३°. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्या: ०.०१५३. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशफरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवा: उणे ०.७५८०. बेरीज उणे ०.७४२७. तिचा आर्ककोसाइन १३७.९६°. हा पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन. दर अंशाला १११.१९५ किमी, म्हणजे सुमारे १५,३४० किमी.

यात तीन चुका वारंवार होतात. एक, अंश-मिनिटं थेट दशांश म्हणून टाकणं: जेएफकेचा अक्षांश ४०°३८.४′ आहे, तो ४०.३८ नव्हे, ४०.६४ होतो. दोन, पश्चिमेचं ऋणचिन्ह विसरणं. तीन, स्प्रेडशीटमध्ये साइन-कोसाइन रेडियन मागतात आणि आपण अंश देतो. उत्तर २०,००० किमीच्या वर गेलं तर काहीतरी चुकलंच आहे, कारण पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर तिच्या अर्ध्या परिघापेक्षा जास्त असू शकत नाही.

आता नकाशावरची रेष. सपाट नकाशावर सरळ दिसणारा मार्ग गोलावर सरळ नसतो. पृथ्वीगोल घेऊन दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो सर्वांत जवळचा मार्ग, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. सिंगापूर–न्यूयॉर्कचा दोरा सिंगापूरहून जवळपास थेट उत्तरेला निघतो, चीन आणि सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवापासून सुमारे २८० किमीवरून जातो आणि कॅनडावरून खाली उतरतो. रेखांशफरक १८०° च्या इतका जवळ असला की असंच होतं.

दक्षिण गोलार्धात सिडनी–सांतियागो पाहा. दोन्ही विमानतळ ३३ ते ३४° दक्षिण अक्षांशावर. त्या अक्षांशाला धरून सरळ पूर्वेला गेलं तर सुमारे १२,७७५ किमी पडतात. बृहद्वृत्ताने ११,३४० किमी, पण तो मार्ग मध्यावर ६२° दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतो. चौदाशे किमीची बचत आहे आणि सपाट नकाशावर मात्र तो भलामोठा वळसा दिसतो.

---

मागचा_वारा

गोलमापक यांनी अंतराचं छान मांडलंय. वेळेबद्दल मात्र एक गोष्ट मनात पक्की धरा: विमान जमिनीवरून नाही, हवेतून उडतं. अंतर ठरलेलं असलं तरी त्यासाठी लागणारा वेळ रोज नव्याने ठरतो.

या मार्गावर एअरबस ए३५०-९००यूएलआर उडतं. त्याचा क्रूझचा (उंची गाठल्यावरच्या सपाट उड्डाणाचा) वेग साधारण माख ०.८५, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा-बारा किमी उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी. म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी ९०३ किमी. जमिनीच्या हिशोबाने वेग किती, हे वारा ठरवतो. पाठीमागून ताशी १०० किमीचा वारा असेल तर १,००३. तोच समोरून असेल तर ८०३.

मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किमी उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो. हिवाळ्यात तो जोरात असतो, जपान आणि उत्तर पॅसिफिकवर तर त्याचा गाभा ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. संपूर्ण मार्गाची सरासरी अर्थात बरीच कमी भरते, कारण विमान त्या पट्ट्यात थोडाच वेळ असतं.

आता तुमच्या मार्गावर हे लावून बघा. ध्रुवाजवळचा मार्ग १५,३४९ किमी. वारा शून्य धरला तर १७ तास. दुसरा मार्ग जपानच्या बाजूने, उत्तर पॅसिफिक आणि अलास्कावरून. सिंगापूर ते तोक्यो-नारिता ५,३५७ किमी, तिथून जेएफके १०,८३० किमी, एकूण सुमारे १६,१९० किमी. म्हणजे साडेआठशे किमी जास्त. पण या मार्गावर सरासरी ८० किमीचा वारा पाठीशी मिळाला तर वेग ९८३ होतो आणि वेळ १६ तास २८ मिनिटं. लांबचा रस्ता अर्ध्या तासाने लवकर पोचवतो. म्हणूनच सिंगापूरहून निघालेलं विमान अनेकदा पॅसिफिकवरून जाताना दिसतं. फ्लाइट डिस्पॅचर त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज घेऊन दोन-चार मार्ग संगणकावर चालवून पाहतो आणि ज्यात वेळ व इंधन मिळून कमी खर्च येतो तो निवडतो. नकाशावरचं कमी अंतर ही त्यातली फक्त एक बाब.

मार्ग वाकण्याची आणखी कारणं आहेत. पहिलं, हवाई हद्द. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाची हद्द अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झाली. हेलसिंकी–तोक्यो हे सुमारे ७,८५० किमीचं उड्डाण आधी साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचं, ते तेरा तासांवर गेलं. विमानतळ तेच, मोजलेलं अंतरही तेच.

दुसरं, दोन इंजिनांच्या विमानांचे नियम. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे. याला ईटॉप्स म्हणतात. ए३५०-९०० ला २०१४ मध्ये युरोपीय यंत्रणेने ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिली. पण विमानाला मान्यता असणं वेगळं आणि कंपनीने तेवढी परवानगी घेतलेली असणं वेगळं. सिडनी–सांतियागोसारख्या मार्गावर खाली हजारो किमी विमानतळ नाहीत. तिथे कमी मिनिटांची परवानगी असलेल्या विमानाला ६२° दक्षिणेपर्यंत न जाता उत्तरेकडून उडावं लागतं.

तिसरं, ध्रुवाजवळची थंडी. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७°, जेट ए चा उणे ४०°. अमेरिकेत भरलेलं इंधन बहुधा जेट ए असतं, त्यामुळे न्यूयॉर्कहून ध्रुवाकडे निघताना ही बाब जास्त जाचते. टाकीतलं इंधन गोठणबिंदूच्या जवळ येऊ लागलं तर वैमानिक खालच्या, कमी थंड थरात उतरतो किंवा वेग वाढवतो, म्हणजे पृष्ठभागाचं तापमान थोडं चढतं. दोन्हींत इंधन जास्त जातं. शिवाय ८२° उत्तरेच्या पलीकडे भूस्थिर उपग्रहांचा संपर्क भरवशाचा राहत नाही.

राहिला ब्लॉक टाइम. वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. गेटवरून विमान हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात दोन्हीकडच्या टॅक्सीचा, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांमध्ये विमान जमिनीवरून चालण्याचा, वेळ येतो. या मार्गावर मिळून ३५ मिनिटं धरावीत, जेएफकेला गर्दीच्या वेळी जास्तच. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यासाठी २० मिनिटं.

आता बेरीज. चांगल्या दिवशी १६:२८ अधिक ५५ मिनिटं, म्हणजे १७ तास २३ मिनिटं. वाईट दिवशी त्याच मार्गावर सरासरी फक्त २० किमीचा वारा मिळाला तर हवेत १७:३२, एकूण १८ तास २७ मिनिटं. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी छापायचं असतं, त्यामुळे त्यात बहुतेक दिवशी पुरेल असा आकडा घालतात. १८:५० तिथून येतो. विमान तासभर आधी उतरलं तर वैमानिकाने वेग मारला असं नाही, त्या दिवशी वारा साथीला होता.

---

दोन_घड्याळं

घड्याळाचा भाग मी पुरा करतो. सगळ्या वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.

सिंगापूर यूटीसी अधिक ८. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५, उन्हाळ्यात उणे ४.

जाताना: सोमवार २३:३५ मधून ८ तास वजा, म्हणजे सोमवार १५:३५ यूटीसी. मंगळवार ०५:२५ मध्ये ५ मिळवा, म्हणजे मंगळवार १०:२५ यूटीसी. फरक १८ तास ५० मिनिटं.

येताना: शुक्रवार २२:३० मध्ये ५ मिळवले की शनिवार ०३:३० यूटीसी. रविवार ०६:१० मधून ८ वजा केले की शनिवार २२:१० यूटीसी. फरक १८ तास ४० मिनिटं.

म्हणजे सहा आणि बत्तीस तासांमागे जवळपास सारखाच प्रवास आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली का, एक दिवस वाढवायचा की कमी करायचा, याची काळजी करू नका. पॅसिफिकवरून गेलं तर वाररेषा लागते, अटलांटिकवरून गेलं तर लागत नाही, तरी उत्तर बदलत नाही, कारण यूटीसीला वाररेषाच नाही.

लक्ष ठेवायची जागा एकच: उन्हाळी वेळ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सिंगापूरमध्ये बदलतच नाहीत. दक्षिण गोलार्धात उलटा हंगाम असल्यामुळे न्यूयॉर्क–सिडनीचा फरक वर्षभरात १४, १५ आणि १६ तास असा तिन्ही प्रकारचा होतो. म्हणून 'दोन शहरांतला फरक इतका' असं पाठ करण्यापेक्षा त्या तारखेचा यूटीसी फरक पाहावा. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या विमानतळाच्या स्थानिक असतात. पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक १ किंवा अधिक २ असतं, ते दिवस असतात. ते नजरेतून सुटलं तर पुढचं हॉटेल आणि जोडविमान दोन्ही चुकीच्या तारखेला आरक्षित होतं.

---

रेखांश_७४

तिघांचेही आभार. यूटीसीचं एकदम स्पष्ट झालं. पण वाऱ्याचं एक अडतंय. जाताना पाठीमागून वारा मिळतो तर परतीला तोच समोरून लागायला हवा. मग परतीचा वेळ दहा मिनिटांनी कमीच कसा?

आणि वाटेत एक थांबा घेतला तर हिशोबात काय बदलतं?

---

मागचा_वारा

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि बहुतेक मार्गांवर तुम्ही म्हणता तसंच घडतं. दोहा–ऑकलंड घ्या, १४,५०० किमीच्या थोडं वर. पूर्वेला ऑकलंडकडे जाताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा परत दोह्याला येताना तासाहून अधिक जास्त लागतो. पर्थ–लंडन (१४,४९८ किमी, २०१८ पासून विनाथांबा) पश्चिमेला जातं, म्हणून तेही वेळखाऊ.

जाता-येता वारा फिटंफाट होतो असं मात्र नाही. १५,००० किमी, वेग ९००, वारा शून्य: दोन्ही बाजू मिळून ३३ तास २० मिनिटं. वारा १०० असेल तर जाताना १५ तास, येताना पावणेएकोणीस, एकूण ३३ तास ४५ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, त्यामुळे तोटा नफ्यापेक्षा नेहमी मोठा.

सिंगापूर–न्यूयॉर्क याला अपवाद ठरतं, कारण रेखांशफरक जवळजवळ अर्धा फेरा आहे. पूर्वेने गेलं काय, पश्चिमेने गेलं काय, अंतरात फारसा फरक पडत नाही. म्हणून न्यूयॉर्कहून निघालेलं विमान अनेकदा पॅसिफिककडे न वळता अटलांटिक ओलांडून, युरोप आणि आशियावरून, पुन्हा पूर्वेकडेच जातं. दोन्ही फेऱ्यांना वारा पाठीशी. जाऊन-येऊन विमान पृथ्वीप्रदक्षिणा करतं. मला हा या मार्गाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एवढं लांब उडण्याची किंमतही सांगायला हवी. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं, वजनात सुमारे १३२ टन. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन, म्हणजे जवळपास निम्मं विमान इंधनच असतं. वाहून नेलेल्या जादा इंधनापैकी साधारण ३ ते ४ टक्के दर तासाला ते वाहण्यातच जळतं. म्हणून आसनंही फक्त १६१. सुरुवातीला जड असताना विमान ३१-३३ हजार फुटांवर राहतं आणि इंधन जळेल तसं पायरीपायरीने ३९-४१ हजारांपर्यंत चढतं. वारा दर थरात वेगळा असतो, त्यामुळे कुठली पायरी कधी चढायची यावरही मिनिटं ठरतात. वरचा थर दुसऱ्या विमानाने व्यापलेला असेल तर खालीच थांबावं लागतं आणि मांडलेला हिशोब बिघडतो.

---

दोन_घड्याळं

थांब्याचं मी सांगतो. आधी शब्द नीट वाचा. 'विनाथांबा' म्हणजे वाटेत कुठेच उतरत नाही. 'थेट' उड्डाणाचा क्रमांक एकच असतो, पण ते मध्ये उतरू शकतं. तिकीट शोधताना ही गल्लत हमखास होते.

फ्रँकफर्टमार्गे पाहा: सिंगापूर–फ्रँकफर्ट १०,२७९ किमी, फ्रँकफर्ट–जेएफके ६,१८९ किमी, एकूण सुमारे १६,४७०. अंतर फक्त सात टक्क्यांनी वाढलं. वेळ मात्र बराच वाढतो, कारण चढणं-उतरणं आणि टॅक्सी दोनदा येते आणि जमिनीवरचा थांबा वेगळा. शिवाय या बाजूने दोन्ही टप्पे पश्चिमेकडे, वारा समोरून. एकूण प्रवास काढताना प्रत्येक टप्प्याचा ब्लॉक टाइम आणि थांबा यांची बेरीज करण्याऐवजी पहिलं निघणं आणि शेवटचं पोचणं यूटीसीत आणून वजा करा. थांब्याच्या शहराचा वेळविभाग मध्ये येतच नाही, चूक व्हायला जागा उरत नाही.

थांबा किती हवा, हे दर विमानतळाचा किमान जोडवेळ ठरवतो. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर आरक्षण यंत्रणा त्याहून कमी वेळाची जोडणी विकत नाही, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीकडे असते. दोन वेगळी तिकिटं घेतली तर यातलं काहीच लागू होत नाही. सामान बाहेर काढून पुन्हा जमा करावं लागतं, त्यासाठी त्या देशात प्रवेशाची परवानगी लागू शकते, आणि दुसरं विमान चुकलं तर ते तिकीट बुडतं. तशा वेळी मी चार तासांपेक्षा कमी थांबा सुचवणार नाही, आणि पहिला टप्पा समोरच्या वाऱ्याचा असेल व महिने हिवाळ्याचे असतील तर सहा.